वर्षावासाचा बाजा

माझी एक खोड आहे. समोरचा माणूस आपलं दुःख सांगायला लागला की माझा हात आपोआप पेचकसाकडं जातो. ऐकून घेणं, पाठीवरून हात फिरवणं, 'असू दे, होईल सगळं' म्हणणं, हे मला जमत नाही. काय बिघडलंय ते सांगा, मी उघडून बघतो, विषय संपला. गेवराईच्या स्टँडजवळ माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं तोवर ही खोड खपून गेली. मग मोबाइल आले, दुकान बसलं आणि मी शटर ओढून गावाकडं राहायला आलो. खोड काही दुकानात ठेवून येता आली नाही.

गेल्या उन्हाळ्यात घरात मी एकटाच उरलो. सुनेची बाळंतपणाची रजा संपली आणि माझी बायको नातीला सांभाळायला पुण्याला गेली. जाताना तिखटमिठाचे डबे भरून ठेवले, कुठल्या डब्यात काय ते दोनदा सांगितलं, आणि एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "आषाढ पौर्णिमेला येते. वर्षावास करते, मग बघू पुढचं."

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास, तेवढे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वस्तीतल्या बायका पांढरी लुगडी नेसून येतात, पुरुष आपले भिंतीला टेकून बसतात. गेली कितीतरी वर्षं वाचते ती माझी बायको. नुसतं वाचत नाही, मध्ये थांबून बायांना त्यांच्या बोलीत समजावून सांगते. एके वर्षी ती आजारी होती तेव्हा शेजारच्या सुनेनं वाचलं. पोरगी शिकलेली, पण बातम्या सांगितल्यासारखं वाचायची. तिसऱ्या दिवशी निम्म्या बाया पेंगत होत्या.

त्यामुळं आषाढाची वाट सगळी वस्तीच बघत होती. पण खरं सांगायचं तर सगळ्यांपेक्षा जास्त मी बघत होतो. मला ती घरी यायला हवी होती, बास. दुसरं काही नको होतं. घरात बोलायला कुणी नाही म्हटल्यावर माणूस कशाशी बोलेल याचा नेम नाही. मी गॅसच्या लायटरला शिव्या द्यायचो. सकाळी एकदाच भात टाकायचा आणि तोच रात्री गरम करून खायचा. बाहेरून उशिरा आलो तर 'कावून इतका उशीर?' असं डाफरणारंही कुणी नाही. एवढी वर्षं त्या प्रश्नाचा मला लई राग यायचा. आता कुलूप काढून आत शिरलं की तोच ऐकावासा वाटायचा.

पौर्णिमा तोंडावर आली आणि तिचा फोन आला. सुनेला ऑफिसात नवीन काम दिलंय, सुट्टी मिळत नाही, बाळाला ठेवायचं कुठं? "चार-आठ दिवस उशीर होईल हो. पण विहारात कोण वाचंल? बाया नाराज होतील," म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी रडकुंडीला आला.

झालं. हात गेला पेचकसाकडं. मी म्हणालो, "तू कशाला काळजी करतीस? तू तिथून वाच. फोनवरून. हितं सगळ्यांना ऐकू जाईल असं बघायचं काम माझं."

विहारात एक जुना भोंगा आहे, पण संध्याकाळी नेमकी लाइट जाते. परळीला वीज तयार होते म्हणतात, होत असेल बापडी. आमच्याकडं ढग गडगडला तरी डीपीचा फ्यूज जातो. तेव्हा मी ठरवलं की उन्हावर चालणारा, बॅटरीवर टिकणारा, उचलून नेता येईल असा बाजा बनवायचा.

दुकानाचा उरलासुरला माल माळ्यावर होता. त्यातल्या एका मोठ्या टेपमधून कागदी पडद्याचे दोन चांगले स्पीकर काढले. मोडक्या कपाटाच्या प्लायवुडचं खोकं केलं आणि वरून जुन्या ट्रंकेची कडी ठोकली. रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून शेतात झटका मशीन लावतात, त्यावर असतं तसलं छोटं सोलर पॅनल आणलं. बीडच्या बाजारातून लिथियमची बॅटरी, ती उन्हावर बेताबेतानं भरावी म्हणून एक कंट्रोलर, आणि तळहाताएवढा ॲम्प्लिफायर. आषाढात ऊन किती पडणार? म्हणून बॅटरी ऐपतीपेक्षा मोठी घेतली. दोन दिवस सूर्य दिसला नाही तरी वाचन बंद पडता कामा नये, असा हिशेब. ब्लूटूथच्या भानगडीत पडलो नाही. फोनपासून बाजापर्यंत साधी वायर टाकली. वायर दगा देत नाही.

पहिल्यांदा तिचा आवाज त्यातून ऐकला आणि कपाळावर हात मारला. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज! गाण्याला धमक लागते, ग्रंथाला शब्द लागतात. वस्तीतली डीजेवाली पोरं म्हणाली, "काका, बेस कमी करू नका, बाजाची इज्जत जाईल." म्हटलं, जा बे, तुमची इज्जत तुमच्यापाशी. बेस पार कमी केला, आणि खोक्याच्या आत चारी बाजूंनी सरकी काढलेला कापूस भरला. कापसानं आतला घुमारा खाऊन टाकला. मग एकेक अक्षर सुटं व्हायला लागलं.

ते दिवस बरे गेले. रोज दुपारी, बाळ झोपलं की मी तिला फोन लावायचो. "बोल," म्हणायचो. "काय बोलू?" "काहीही बोल, मला आवाज बघायचाय." ती बोलत राहायची, आणि मी डोळे मिटून 'स' चरचरतोय का, 'म' दबतोय का ते बघायचो, बटण इकडं-तिकडं करायचो. ती खूप बोलायची तेव्हा. काय बोलायची ते मला आज आठवत नाही.

पौर्णिमेला विहार भरून गेला. बुद्धवंदना झाली, मी बाजा मूर्तीच्या बाजूला टेबलावर ठेवला, वायर जोडली, फोन लावला. "सर्वांना जय भीम," तिचा आवाज आला आणि बाया एकदम जागच्या सावरून बसल्या. आमच्या शेजारी राहणारी आक्का, वस्तीतली सगळ्यांत थोरली, तोंडावर हात ठेवून म्हणाली, "आगं बया! म्होरं बसल्यावानी ऐकू येतंय की!" मध्येच लाइट गेली. कुणीतरी मेणबत्ती लावली. बाजाला पत्ताही नव्हता. लोक माझ्याकडं बघायला लागले आणि माझी छाती फुगली. आपलंच कौतुक ऐकायला कुणाला नको असतं?

चार-आठ दिवस झाले. मी विचारलं, "मग? कधीची गाडी?"

"आता घाई कशाची?" ती म्हणाली. "बाजा हाय की. वाचन तर चाललंय."

आणि मी, शहाणा, काय म्हणालो? "हां, ते बी खरंच हाय." फोन ठेवला आणि मग डोक्यात उजेड पडला. तिला गावाकडं यायला एकच कारण होतं. ते मी स्वतःच्या हातानं, प्लायवुड कापून, कापूस भरून, निकालात काढलं होतं. माझ्यासाठी येते असं ती कधी म्हणालीच नव्हती, आणि माझ्यासाठी ये असं मी कधी म्हणालो नव्हतो. आमच्यात ती पद्धतच नव्हती.

मग रोजचं एकच. विहारावर कडुलिंबाची दाट सावली, तिथं पॅनलचा उपयोग नाही, म्हणून वाचन झालं की बाजा उचलून घरी आणायचा. सकाळी अंगणात पॅनल मांडायचं, ऊन सरकेल तसं सरकवायचं, भुरभुर आली की झाकायचं. संध्याकाळी परत विहारात. वाचन संपलं की सगळ्या बाया फोनपाशी गोळा. नातीला दात आले का, तिथं पाऊस हाय का, गुडघा काय म्हणतोय. माझी पाळी येईपर्यंत तिकडं बाळ रडायला लागलेलं असायचं. "ठेवू का हो?" "ठेव." एवढंच आमचं बोलणं. अंधारात बाजा घेऊन घरी येताना त्याचं ओझं काही वाटत नव्हतं, पण घराचं कुलूप काढायचं फार जिवावर यायचं.

भाद्रपदात एका संध्याकाळी मी विहारात जाऊन तोंड पाडून सांगितलं, "बाजा जळला. सामान मिळंल असं वाटत न्हाई."

खरं तर दुपारी मीच झाकण उघडून बॅटरीची तांबडी वायर काढली होती.

बाया हळहळल्या. आक्कानं तिथल्या तिथं माझ्या बायकोला फोन लावला. "बाई, बाजा मेला. आता तूच ये." मला आतून उकळ्या फुटत होत्या. रात्री मी घर झाडून काढलं. सकाळी तिची चादर धुऊन वाळत टाकली आणि बाजारातून तिला आवडते तसली कोवळी गवार आणली.

दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. "दाखवा बरं बाजा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"दुकानवाल्याची बायको हाय मी. झाकण काढा."

काढलं. फोन जवळ नेला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ती तांबडी वायर जळाली का?"

"हां."

"मग तिच्या टोकाला टेप कुणी गुंडाळली? बिघडलेली वायर आपली आपणच टेप गुंडाळून घेती का?"

बॅटरीची वायर सुटी केली की टोक उघडं ठेवायचं नाही, ही हाताची सवय. लबाडी करतानासुद्धा हातानं आपलं काम चोख केलं होतं. मेल्या हाता!

ती हसली. मला वाटलं, सुटलो. आणि तेवढ्या हसण्यानं माझ्या तोंडून निघून गेलं, "मला करमत न्हाई गं. तू ये."

ती हसायची थांबली.

"मग असं म्हणायचं की," ती म्हणाली. "बाजाला कावून मधी आणलं?"

"आता म्हणालो की."

"मला हितं करमतंय हो," ती म्हणाली. अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं. "तुमच्यावर राग न्हाई. पण दुपारी बाळ निजलं की मी खिडकीत बसते. कुणी हाक मारत न्हाई, कुणाला काय द्यायचं नसतं. मला असं बसायला आवडतं हे मलाच ठावं नव्हतं. हे समदं मी तुमाला सांगितलंतं. तुमी तवा आवाज बघत होता."

मी विचारलं, "आश्विन पौर्णिमेला तरी?"

"बघू," ती म्हणाली. मग म्हणाली, "वायर लावा. बाया वाट बघतील."

मला रडू आलं, हे लिहायला लाज कसली? मग टेप सोडवली आणि वायर लावली.

संध्याकाळी विहारात बायांनी बाजा बघून टाळ्या वाजवल्या. सामान मिळालं म्हणून सांगितलं, कुणी जास्त विचारलं नाही. मी नेहमी टेबलापाशी बसायचो, त्या दिवशी मागं, दाराजवळ आक्काच्या शेजारी बसलो. बटण नाही, काही नाही, नुसता ऐकत बसलो. बाजा खरंच चांगला झाला होता. तिनं पान उलटलेलं ऐकू यायचं. एकदा कुणीतरी कप आणून ठेवला, आमचा मुलगाच असणार, आणि वाचता वाचता थांबून तिनं चहाचा घोट घेतला, तोही ऐकू आला. मग परत वाचायला लागली, सावकाश, कुठंही न धावता. शेवटच्या पानालासुद्धा तिला घाई नव्हती.

आक्का माझ्याकडं वाकून म्हणाली, "किती निवांत वाचतीया बघ. हितं होती तवा शेवट नुसता पळवायची. घरी जाऊन भाकरी थापायच्या आसायच्या ना तिला."

मी मान हलवली. घरात आम्ही दोघंच होतो, आणि संध्याकाळी ती भाकरी खायची नाही. त्या भाकरी माझ्यासाठी असायच्या.