उजव्या बाजूचा डाख

जुने, भारी अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेयर दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात कामाची वाटणी पक्की होती. काकू डाख देत आणि काका ऐकत. काकांची नजर अधू झाल्यापासून कथील वितळवून तारा जोडायचं काम काकूंकडे आलं होतं, आणि त्यांचा हात असा की डाख दिसावा मोत्यासारखा. काकांना गिऱ्हाइकं कानसेन म्हणत. मशीन दुरुस्त झालं की ते दोन स्पीकरांसमोर मधोमध खुर्ची टाकत, डोळे मिटत आणि निकाल देत. त्या निकालाशिवाय एकही मशीन दुकानाची पायरी उतरत नसे. गर्व? होता ना! पण चूक निघाली तर ते आधी स्वतःलाच शिव्या घालत, म्हणून तो गर्व खपून जाई.

दातांच्या डॉक्टरांचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आला आणि घोटाळा झाला. डॉक्टरांच्या वडिलांनी हौसेने घेतलेलं ते धूड. दोघांनी मिळून उचललं तरी कंबर बोलायला लागली. काकूंनी सुकलेले कपॅसिटर बदलले, बटणांतली खरखर घालवली. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डावीकडे कमी येतंय."

धंद्यातला साधा नियम आहे. संशय आला की तारा आलटूनपालटून लावायच्या. दुखणं दुसऱ्या बाजूला सरकलं तर खोट मशीनची. काकूंनी तारा बदलल्या.

"डावीकडेच कमी."

मग त्यांनी स्पीकरची अदलाबदल केली.

"अगं, डावीकडेच!"

काकूंना स्वतःला तर दोन्ही बाजू सारख्या ऐकू येत होत्या. आता न बदललेली एकच गोष्ट उरली होती, आणि ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

तिथेच सांगायला हवं होतं. पण नजर अधू झाली तेव्हा हा माणूस कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून निजला होता, ते काकू विसरल्या नव्हत्या. आता कानही गेला म्हटलं तर त्याच्यापाशी उरणार काय? म्हणून त्यांनी एक वेडेपणा केला. मशीनच्या पोटात, उजव्या बाजूच्या वाटेवर, विजेला अडवणारा एक छोटासा रेझिस्टर डाखला. उजवा आवाज दबला आणि काकांना दोन्ही बाजू सारख्या लागल्या.

"बघ, म्हटलं नव्हतं?" काका खुशीत म्हणाले.

डॉक्टर न्यायला यायच्या आत तो काढून टाकायचा, असा काकूंचा बेत होता. पण त्या भाजी आणायला गेल्या आणि डॉक्टर ठरल्या वेळेच्या आधीच उगवले. काकांनी मोठ्या तोऱ्यात, डॉक्टरांचा हात लावून, मशीन त्यांच्या गाडीत ठेवलंसुद्धा. करायला गेलं एक आणि झालं भलतंच.

काही दिवसांनी डॉक्टर मशीन गाडीत घालून परत दारात उभे. या दुकानात तक्रार घेऊन परत आलेलं ते पहिलंच मशीन.

"काका, राग मानू नका. पण उजवीकडचं फार बारीक येतं हो."

"शक्यच नाही." काकांनी मशीन जोडायला लावलं, खुर्चीत बसले, डोळे मिटले. "तराजूत तोलल्यासारखं सारखं आहे."

डॉक्टर बिचारे भिडस्त. "मग माझाच कान असणार," ते म्हणाले. "दिवसभर ते ड्रिल कानाशी गुणगुणतं. तपासून घेतो एकदा."

आता मात्र काकूंना राहवेना. त्यांच्या लबाडीपायी एका भल्या माणसाला स्वतःच्या धडधाकट कानाचा संशय आला होता.

"डॉक्टर, तुमचे कान ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, जरा खुर्ची फिरवून बसा. पाठ स्पीकरांकडे करा."

"कशाला?"

"बसा तर."

काका बसले. उजव्या कानात दणदणाट आणि डावीकडे शुकशुकाट. ते पुन्हा समोर तोंड करून बसले, पुन्हा पाठ फिरवली. आलटूनपालटून बघायचा नियम त्यांनीच काकूंना शिकवला होता. समोर बसलं की सारखं आणि पाठ फिरवली की डावीकडे कमी, म्हणजे खोट कानातही होती आणि मशीनमध्येही. त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टर शहाणे. फोन आल्याचं सोंग करून ते बाहेर गेले.

"मशीनमध्ये काय केलंस?" काकांनी विचारलं.

काकूंनी सगळं सांगितलं.

"कान गेला, तो वयाने गेला," काका म्हणाले. "पण तू मला खोटं ऐकवलंस. तुझ्या डाखावर मी डोळे झाकून भरवसा ठेवत होतो गं."

काकूंना रडू फुटलं. "चुकलंच माझं. तुम्ही परत भिंतीकडे तोंड करून निजाल, म्हणून भ्यायले."

काकांनी मशीनवर हात ठेवला. मग म्हणाले, "झाकण उघड. काढ तो."

काकूंनी आधी डोळे पुसले, कारण डोळे ओले असताना डाख सोडवायला गेलं की शेजारचा जोड जळतो. रेझिस्टर काढला, तार होती तशी जोडली. तबकडी फिरायला लागली. काका स्पीकरांकडे तोंड करून बसले आणि त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"काय येतंय?" काकूंनी भीतभीत विचारलं.

"डावीकडे कमी," काका म्हणाले. "म्हणजे आता बरोबर झालंय. डॉक्टरांना हाक मार."