वॉल्टरच्या गाडीचा रंग

नोटीस : ऑगस्ट २००४. गाडी उचलून नेली : ऑक्टोबर २००४. जबाबदार : अमेरिकेतल्या आमच्या शॉमबर्गमधील सोसायटीची कमिटी आणि तिचे अध्यक्ष अभिजित.

परवा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात एका उघड्या दारातून तापलेल्या रेक्झिनचा वास आला आणि मी पुन्हा शेजारच्या वॉल्टरच्या अंगणात उभा राहिलो.

त्याची ती दणकट इंजिनाची जुनी मसल कार मूळची धाकट्या भावाची. ती घेऊन काही महिन्यांतच भाऊ व्हिएतनामच्या युद्धावर गेला, तो परतला नाही. वॉल्टर ती क्वचितच चालवी. दारावर भावाच्या किल्लीने उठलेला ओरखडाही त्याने बुजवू दिला नव्हता.

“काका, त्यांना म्हणावं रंग मारा, नाहीतर हलवा. भंगार दिसतंय यार,” अभिजित म्हणाला. चालू गाडीला नियमात बंदी नाही, हे मी त्याला कलमासह दाखवले. तो हसून म्हणाला, “मग कोर्टात भेटू, काका.”

टो ट्रकने गाडी ओढली तेव्हा वॉल्टर स्लिपर घालून बाहेर आला. ओरखड्यावर तळहात ठेवून तो रस्त्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेला. ती सोडवायला मात्र गेला नाही. “आणून उभी कुठे करू?” एवढेच म्हणाला. त्याच हिवाळ्यात तो वारला. गाडी भंगारात गेली. तेव्हा मला त्यात केवळ नियमभंग दिसला होता. आता वाटते, ती त्या भावाची अंत्ययात्रा होती.

प्रदर्शनातल्या त्या उघड्या दाराच्या गाडीचे मालक अभिजितच निघाले. “काका, हात नका लावू. ओरिजिनल पेंट आहे, रंगवली की व्हॅल्यू गेली.”

अध्यक्ष महोदय, मग वॉल्टरला रंग मारायला का सांगितलेत? सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, सर्वांसमोर उत्तर द्या.