ऐन सीझनात घर बंद

आमच्या गोव्यातल्या हरमलच्या घरात चार खोल्या आहेत आणि पर्यटकांचा सीझन सुरू झाला की त्यातली एकही आमची नसते. नोव्हेंबरात समोरच्या दोन जातात, नाताळाच्या सुमाराला माझी आणि नवऱ्याची जाते, आणि एखादा गोरा पाठीवर बोचकं टाकून भर दुपारी दारात उभा राहिला की सासूबाईंची. ती त्या स्वतःच देऊन टाकतात. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत "रूम हॅव, कम, कम" म्हणून मोकळ्या होतात, उशी बगलेत मारतात आणि स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी चटई टाकतात. फ्रिजची घरघर ऐकल्याशिवाय झोप लागत नाही, असं वर आम्हालाच ऐकवतात.

माझं माहेर मुळगावचं. तिथं घरात खाणीची धूळ येते, पण परका माणूस येऊन आपल्या पलंगावर झोपत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच सीझनात आमची नवी कोरी खोली एका परदेशी जोडप्याला गेली आणि आम्ही दोघं मागच्या कोठीत सुक्या नारळांच्या ढिगाशेजारी! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे घर भाड्याक आणि घो-बायल भायर." तेव्हा मी रडले होते. आता मीच चादरी धुते, खोल्या झाडते, पाव विकणाऱ्या पदेराकडून पाहुण्यांसाठी जास्तीच्या पोई घेते, आणि माहेरची माणसं आली की त्यांनाही नारळांच्या कोठीत झोपवते.

तर अशा घरात जपानचं खूळ शिरलं. आणलं ते मागच्या सीझनच्या एका पाहुणीने. जपानी बाई, बरोबर माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण महिनाभर समुद्रावर वाळूत लोळून त्यांची अशी गट्टी जमली की निघताना दोघींनी भोकाड पसरलं. जाताना ती बाई म्हणाली, आमच्या गावाजवळ बर्फाचा डोंगर आहे, मुलाबाळांसाठीच केलेलं स्की रिसॉर्ट आहे, तुम्ही या. पाहुणे जाताना असं म्हणतातच. आपण मान डोलवायची आणि गादी उन्हात टाकायची. पण माझ्या लेकीने ते खरं धरलं.

मग काय, वर्षभर घरात दुसरा विषय नाही. त्या रिसॉर्टचे व्हिडिओ बघून बघून पाठ झाले. लहान मुलांना चढायला लागू नये म्हणून तिथं सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहिलं की तो आपोआप वर नेतो. घसरगाडी आहे, मुलांना शिकवायला ताई आहेत, बूट आणि जाड कपडे भाड्याने मिळतात. लेकीने शेजाऱ्यांच्या मोडक्या होडीची एक फळी पैदा केली आणि वाळूच्या उतारावरून घसरण्याचा सराव सुरू केला. गुडघे फोडून घेतले, पण हौस काही फिटेना. नवऱ्याला वेगळीच चिंता. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात सगळ्यांनी कपडे काढूनच उतरायचं असतं, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. "आईला यातलं काही सांगू नको," असं तो मला इतक्या वेळा म्हणाला की शेवटी ते आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ऐकलंच.

मुळात आई यायलाच तयार नव्हत्या. आणि मला तर त्यांना न्यायचंच होतं. माझा जीव त्यात अडकला होता, बर्फात नव्हे. सुनेला सासूचा इतका पुळका कसा, म्हणून माझ्या बहिणीने भुवया उंचावल्या. पण मी या घरात आल्यापासून ही बाई स्वतःच्या हाताने दुसऱ्यांच्या गाद्या घालते आहे आणि स्वतः कुठंतरी कोपऱ्यात पडते आहे, हे मी बघत आले आहे. सगळ्यात आधी उठून पाहुण्यांच्या चहाचं आधण ठेवणार त्याच. आम्ही एकदा पावसाळ्यात चार दिवस लाटंबार्श्याला माझ्या मावशीकडे गेलो, तर तिथंही त्यांनी पहाटे उठून मावशीचं अंगण झाडून ठेवलं. मावशीला इतका राग आला की तिने झाडू लपवून ठेवला.

"माका नको तुमचा जपान," आई म्हणायच्या. "बर्फ बघूक इतक्या लांब कित्याक? मासळीवर घालतत तोच मा?"

"तो नव्हे गो आजी," लेक कळवळून सांगायची. "हा मऊ असतो. पांढरा शुभ्र."

"असू दे. त्याका वास येता."

मासळीच्या पेट्यांतला बर्फ सोडून दुसरा बर्फ त्यांनी बघितलेला नव्हता, आणि त्या बर्फाला बांगड्याचा वास येतो हे काही खोटं नाही. वासाचं झालं की तुळशीला पाणी कोण घालणार ते यायचं. शेजारची घालील म्हटलं की गुडघे दुखायचे. गुडघ्यांना मलम लावलं की शेवटचं हुकमी पान यायचं: "सीझनात घर बंद? लोक काय म्हणतले?" इथं मात्र नवरासुद्धा डोकं खाजवायचा. बर्फ पडतो त्याच महिन्यांत आमचा सीझन, त्याला आपण काय करणार? उन्हाळ्यात गेलो तर जपानातही घामच पुसायचा.

तरी आम्ही दिवस ठरवले. नाताळ-नववर्षाची धामधूम संपली की जानेवारीअखेर निघायचं. लेकीच्या शाळेतून रजा मिळवली. आईंचा पासपोर्ट नातीने हट्टाने काढायला लावला होता, तो हाताशी होता. चौघांसाठी एक मोठी खोली मागून ठेवली. आई नाही म्हणत राहिल्या, मी होय म्हणत राहिले. शेवटी त्या नुसत्या "बघूया" म्हणाल्या, आणि मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले.

आणि मग माझ्या नवऱ्याने पराक्रम केला.

आमच्याकडे दरवर्षी एक जर्मन आजोबा येतात. फणसाकडची खोली त्यांची. त्यांचा मेसेज आला, जानेवारीअखेर येतो, खोली आहे का? माझ्या नवऱ्याने डुलक्या घेत घेत उत्तर धाडलं: वेलकम, रूम रेडी. दुसऱ्या दिवशी मोठ्या आनंदाने मला सांगायला आला, आजोबा येताहेत म्हणून.

"अहो, तेव्हा आपण जपानात असणार ना?"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बोटांनी आपोआप लिहिलं गेलं गो," म्हणाला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर त्याचाही इलाज नव्हता. या घराण्यात 'खोली नाही' म्हणायला कुणी शिकलेलंच नाही. भिंत पाडतील, नारळ बाहेर काढतील, पण नाही म्हणणार नाहीत.

आईंना मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. "बघ गो, देवानच आयकला! तुमी जावा, मी घर बघतंय. त्या म्हाताऱ्याक चाय कोण देतलो?" असं म्हणून त्या फणसाकडच्या खोलीत शिरल्यासुद्धा. आजोबा यायला अजून कितीतरी अवकाश, आणि या बाई त्यांची गादी ओढत उन्हात काढताहेत!

माझं डोकंच फिरलं. मी धावत गेले आणि गादीचं दुसरं टोक धरलं. त्या अंगणाकडे ओढताहेत, मी खोलीकडे. लेक दारात फळी घेऊन उभी, नवरा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघतोय.

"सोड गो, फाटतली!"

"फाटू दे! आई, तुम्ही जन्मात एकदा तरी कुणाच्या घरी पाहुणी होणार आहात की नाही?"

"पावणी होवन मी करतलंय काय?"

हे त्यांनी चिडून विचारलं नाही. खरोखरच विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचं की कशाचं कोण जाणे. मी गादी सोडली आणि तिच्यावरच बसकण मारली. त्याही दमल्या होत्या, शेजारी बसल्या. नाक पुसून मी फोन काढला आणि त्या रिसॉर्टमधल्या खोलीचं चित्र त्यांच्यासमोर धरलं. काहीतरी करायचं म्हणून.

त्यांनी फोन लांब धरून निरखून बघितलं. "खाट खंय?"

"खाट नसते तिथं. खाली चटई असते, तिच्यावर गाद्या."

आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगो, इतक्या लांब जावन जमनीवरच निजाचा? तां तर मी हंयच करतंय!"

मलाही हसू आलं. नवरासुद्धा धीर करून हसला. मी म्हटलं, "तसं नाही हो. जेवून खोलीत परत आलं की सगळ्यांची अंथरुणं घालून तयार असतात."

"कोण घालता?"

"तिथली माणसं. त्यांचं कामच ते."

"चौघांची?"

"चौघांची."

"माझा पण?"

"तुमचंपण. उशी, पांघरूण, सगळं."

"आणि सकाळी उचलता कोण?"

"तेच येऊन उचलतात. आपण हात लावायचा नाही."

गादीच्या कडेची शिवण उसवली होती, तिचा दोरा आई बोटाने आत सारत बसल्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा या घरात पाहुण्यांच्या खोल्या नव्हत्या, एवढं मला माहीत आहे. त्याआधी त्यांच्या माहेरी पाठची भावंडं होती, आणि त्यांची अंथरुणं घालणारीही याच. ते मला त्यांनीच कधीतरी हसत हसत सांगितलं होतं.

"म्हाताऱ्याक फोन लाव," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मी लिहितो ना त्यांना..."

"तू गप. तुझा लिवना बघितला. मीच बोलतंय."

त्याने आवाज रेकॉर्ड करायचं बटण दाबून धरलं आणि आईंनी फोनकडे तोंड नेऊन, आजोबांना ऐकायला कमी येतं म्हणून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हॅलो! रूम क्लोज! आय गो जपान! स्नो! यू कम आफ्टर, ओके?" मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "गेला?" गेला म्हटल्यावर दोन्ही हात पदराला पुसले.

आजोबांचं उत्तर संध्याकाळी आलं. ते रागावले नव्हते. मी फेब्रुवारीत येतो म्हणाले. आणि माझं एक जुनं जाकीट तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, ते आईंना घालायला द्या, तिथं फार थंडी असते. ही नेहमीचीच रीत आहे, आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी माणसं आपलं सामान ट्रंकेत ठेवून जातात आणि आम्ही ते पावसाळाभर सांभाळतो. नवऱ्याने जाकीट खाली काढलं. निळं, जाडजूड, डांबरगोळ्यांच्या वासाचं. आईंनी ते साडीवरच चढवलं. बाह्या गुडघ्यांपर्यंत आल्या. लेक हसून हसून जमिनीवर लोळली.

आई त्या जाकिटात तशाच पडवीत बसून राहिल्या. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण काढायला तयार नाहीत. मी चहाचा कप घेऊन गेले. त्यांनी लांब बाही वर सारून कप घेतला, एक घोट प्यायल्या.

"गो," त्या हळूच म्हणाल्या, "थंय सकाळी माका कोणी उठवू नकात हां."