सरपंच कोण?

किस्से मी गोळा करत नाही, तेच येऊन बसतात. परभणीच्या कोर्टातली वकिली, त्यात एकदा नगरसेविका झाले, एवढं पुरतं. मी निवडून आले तेव्हा पहिला हार आमच्या यजमानांच्या गळ्यात पडला! ते शाळामास्तर. लाजले बिचारे, पण हार काही काढला नाही.

*

मानवतकडच्या एका गावच्या सरपंच चंद्रकलाबाई. त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली, की कारभार त्यांचा नवराच बघतो. सिद्ध झालं तर पद जाणार. केस घेऊन आले ते एकटे माधवराव, म्हणजे नवराच.

"सरपंच कुठायत?" मी विचारलं.

"मीच की, मॅडम."

"आणि तक्रार काय आहे?"

"कारभार मी बघतो म्हणायलेत. लय खोटारडे लोक हायत."

मी फाईल मिटली. म्हटलं, बाईंना आणा, तरच केस घेते.

*

बाई आल्या. कुठला हातपंप बंद, कुणाचं घरकुल अडलंय, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. मी चाट! माझ्यापेक्षा माधवराव जास्त.

"तुला हे कोन सांगितलं?"

"बायाच सांगतेत. तुमी ऑफिसात बसता, मी नळावर."

ही बाई पदावर राहिलीच पाहिजे, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

*

त्याच महिन्यात महिला सरपंचांचं ट्रेनिंग होतं. मी पाहुणी. "भगिनींनो" म्हणून वर बघते तर पुढे सगळ्या मिशाच! माधवराव पहिल्या रांगेत, चंद्रकलाबाई शेवटच्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर एक जण उठला.

"मॅडम, सरपंच बाई नवऱ्याचं ऐकंना, तर कोणतं कलम लागतं?"

बाकीचे वह्या उघडून उत्तराची वाट बघत होते.

*

मग चौकशीचा दिवस. जेवढं विचारतील तेवढंच बोला, असं मी बाईंना बजावलं होतं. अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे केला. बाईंनी सावकाश, ठळक सही केली. साहेबांनी ती ठरावांच्या रजिस्टरातल्या सह्यांशी ताडून पाहिली. पानामागून पान उलटलं, एकही जुळेना. माधवराव फरशी बघायला लागले.

"बाई, ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि रजिस्टरातली?"

चंद्रकलाबाईंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, पदर सारखा केला.

"ती सरपंचाची हाय, साहेब."