करप्याला पाणी

कार्तिकात बी आले. पौषात पाने करपली. माघात वाफा गेला. जबाबदार : प्रथम, प्रात्यक्षिकासाठी गाजराचे बी देणारे शेतकी साहेब, द्वितीय, त्यांचा अहवाल डोळे मिटून मंजूर करणारे वरिष्ठ. अहवालात मात्र दोषी एकटीच आहे : माझी तारकर्लीची शेजारीण, भागीरथीकाकी.

काकी वाफ्याशी सुनेशी बोलावे तसे बोलत असे. ‘‘खाल्लंस पिलंस, आता वाढ गो,’’ असे गाजरांना बजावी. शेजारी ‘आदर्श लागवड’ असा सरकारी फलक रोवलेला होता. पानांवर तपकिरी डाग दिसताच साहेबांनी जीप थांबवून बांधावरूनच निदान केले : ‘‘करपा आहे. काळजी घ्या.’’

काकीच्या बोलीत करपते ते उन्हाने किंवा तव्यावर. तिने काळजी घेतली. रोज तिन्हीसांजेला पानांवर घागरी ओतल्या. जितके पाणी, तितके डाग. अखेर गाजरेही कुजली.

पुढल्या फेरीत साहेब माझ्यासमक्ष वैतागले. ‘‘बाई, ही बुरशी आहे. ओल्या पानांवर वाढते.’’

‘‘मगे बुरशी म्हणूचा होता, सायबानु. लोणच्यार येता ती माका ठावक आसा. बुरशेक पाणी घालूक मी काय येडी?’’

दुसऱ्या वर्षी तिने रोगट पाला जाळला, वाफा बदलला, रोपे विरळ केली, पाणी सकाळी आणि मुळाशीच दिले. मोरचूद-चुन्याचे पाणीही फवारले. गाजरे उत्तम आली. ती पाहायला कोणी आले नाही. अहवाल आधीच चावडीवर वाचून झाला होता : ‘लागवड करणाऱ्या बाईच्या अज्ञानामुळे पीक गेले.’

मी अर्ज लिहिले, स्मरणपत्रे लिहिली. काकी हसे. ‘‘भाऊनु, तुमच्या कागदाक पाना फुटतली, पण जाब येवचो नाय.’’ एकदाच ती हसली नाही. ‘‘अज्ञान माझा, ह्या सगळ्या गावान आयकला. मगे ज्ञान खंय होता? जिपीत?’’

तो फलक कोणी नेला नाही. काकी त्यावर मासे सुकवी. ‘‘आदर्श बांगडो खातास काय?’’ असे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी.

गेल्या आषाढात काकी वारली. तिच्यावरचा ठपका कागदावर जिवंत आहे. तो जेथे मोठ्याने वाचला, त्याच चावडीवर संबंधितांनी उभे राहून जाहीर सांगावे : अज्ञान कोणाचे? उत्तर काकीला कळले असते अशा भाषेत द्यावे.