गल्लीतला नळ आन् ग्रुपवरची म्हातारी

मले लिहिता येत नाही. पहिलीत बसली तेवढीच, मंग मायनं शेतात निंदाले नेलं. पन लिहिता येत नाही म्हून मी बोललीच नाही असं कोनी म्हनलं, तर ते मी आयकून घेत नाही.

गोष्ट नळाची हाय. नळ नव्हता तवा मी नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पानी आनलं. लेकरं पोटात असतानी आनलं. नवरा गेला त्या दिवशीही आनलं; मानसं जमली होती, त्याइले पानी लागत होतं. चुंबळीनं टाळूवरचे केस गेले ते गेलेच. मंग आम्ही बाया पंचायतीच्या दारात जाऊन बसलो, तवा गल्लीच्या तोंडाशी नळ आला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी कुदळी घेऊन मानसं आली. गावच्या पानी समितीचा जो पुढारी हाय, त्यानं पाठवली होती. आमचा नळ काढून चौकात नेनार म्हने. चौकात त्याचं घर हाय अन् दुकानही. आमच्या गल्लीत म्हाताऱ्याच जास्त. त्याइनं घागर घेऊन चौकापर्यंत जावाचं कसं? नळाच्या बुडाशी खड्डा खंदला, तवा मी कुदळीपुढं उभी राह्यली.

तो पुढारी आला. तोंडाचा गोड मानूस, काकू काकू करते. म्हने, दोन वर्साआंधी गावच्या ग्रुपवर इचारलं होतं, कोनी नाही म्हनलं नाही.

"मी म्हनलं होतं," मी बोलली.

"तुम्ही? काकू, तुमच्यापाशी मोबाईल तरी हाय का?"

मानसं हासली. तो म्हने, असन तर दाखवा, पुढच्या मिटिंगीपर्यंत थांबतो.

मोबाईल माह्या सुनेचा. ती नांदुऱ्याले एका धान्याच्या आडतीत कॉम्प्युटरवर काम करते. ग्रुपवर मले काही बोलाचं असलं का घरात जे कोनी हाताशी असन ते लिहून देते. पन एक मी ठरवलेलं हाय. आंधी लिहाचं, "म्हातारी म्हनते का", अन् मंग माहं बोलनं. काऊन का मोबाईल सुनेचा, अन् एकदा माह्या बोलन्याचा राग लोकाइनं तिच्यावर काढला होता. माह्या शब्दाचा मार तिनं काऊन खावाचा?

सुनेनं मोबाईल पाह्यला तर जुनं काहीच नाही. मोबाईल भरला होता म्हून तिनं ग्रुप पुसून टाकला होता. पन पुसन्याआंधी सारं लिखान एका फाईलीत करून आडतीतल्या कॉम्प्युटरवर ठेवलं होतं. मी म्हनलं, चाल मंग. दुसऱ्या दिवशी तिच्यासंग बसमंदी बसली.

आडतीत तिनं ती फाईल उघडली. कॉम्प्युटर जागीच बसला. पांढरा पडदा, काही हालत नाही. बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा तेच. गावातला सारा रामराम, जयभीम, वाढदिवस, मयत, हरवलेल्या बकऱ्या, सारं त्या एका फाईलीत. ती म्हने, "आत्याबाई, हे एवढं त्याले एकदम उचलत नाही."

मी म्हनलं, मी इथून हालत नाही.

तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याले फोन लावला. त्यानं सांगतलं, फाईल उघडूच नका. कॉम्प्युटरात हुकूम लिहाची एक काळी खिडकी असते, तिच्यात पाह्यजे तो शब्द लिहा. मशीन एक ओळ वाचते, शब्द असला तर दाखवते, नसला तर सोडून पुढची घेते. साऱ्या फाईलीचं ओझं त्याच्यावर येत नाही. हे मले समजलं. जिनिंगमंदी मी असंच काम केलं हाय. कापूस पट्ट्यावरून समोरून जाते, आपन फक्त खराब कापसाची पिवळी कवडी उचलाची, बाकीचा जाऊ द्याचा.

आंधी तिनं "नळ" टाकलं. ओळीवर ओळी धावाले लागल्या. नळ कवा येते, नळ आला का, आज काऊन नाही आला. रोज कोनी ना कोनी इचारलेलं. त्याच्यात काय सापडते?

मी म्हनलं, "म्हातारी टाक."

थोड्याच ओळी आल्या. सून एकेक वाचाले लागली. बहुतेक माह्याच होत्या. कोनाच्या मयतीले माहं दोन शब्द, शाळेच्या पडक्या भिंतीचं, गटाराचं. मधातच ती थांबली. मी म्हनलं, वाच. लोकाइनं माह्यावर लिहिलेलं होतं. "ही म्हातारी काऊन बोलते बे? हिले मोबाईल कोनं देल्ला?"

ती म्हने हे काढून टाकू. मी म्हनलं, राहू दे. सारं छाप.

अन् मंग ते आलं. "म्हातारी म्हनते का नळ हालवाचा नाही. आमच्या गल्लीतल्या बाया चौकात घागर घेऊन येनार नाहीत." तिनं त्या ओळीच्या खालच्याही ओळी काढल्या. त्याच पुढाऱ्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. म्हंजे त्यानं वाचलं होतं.

मिटिंग पारावर झाली. कागद मी सुनेच्या हाती देल्ला नाही, त्याच्या हाती देल्ला. म्हनलं, "तूच वाच बाप्पा, मोठ्यानं."

त्यानं वाचलं. माह्यावरचं लिहिलेलंही वाचावं लागलं, तवा दोघं-तिघं खाली पाहाले लागले. शेवटी त्याच्या हात जोडलेल्या चित्राशी तो आला अन् थांबला. म्हने, काकू, एवढ्या मेसेजमंदी ध्यानात राह्यलं नाही. पाईप तर आता इकत आनला.

"पाईप तुह्या आंगनात राहू दे. आमच्या गल्लीतला खड्डा बुजव."

मागून आमच्या गल्लीतल्या बाया उठून उभ्या राह्यल्या. कोनी वरडलं नाही. बसलंही नाही. त्यानं कागदाची घडी घातली अन् म्हने, राहू द्या नळ तिथंच.

दुसऱ्या दिवशी त्याचीच मानसं येऊन माती लोटून गेली. तो आता रस्त्यानं दिसला का मान फिरवते. फिरवो. मी घागर भरते अन् घरी जाते.