न आलेल्या दाताचं बक्षीस

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांट्या चुकतात, अक्षर एका ओळीत राहत नाही. वाचणारीनं सांभाळून घ्यावं. चारचौघांत बोलायला लाज वाटते, म्हणून वहीत लिहिते.

सात महिन्यांच्या रुद्रच्या टाळूवर तेल घातलं आणि ते तिथंच साचलं.

टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा. तिथलं हाड अजून जुळलेलं नसतं. पस्तीस वर्षं मी कोल्हापुरात बाळांना तेल लावून न्हाऊ घातलं. टाळूवरचं तेल कपाळाकडं ओघळतं, ते मी करंगळीनं अडवायची. त्या सकाळी अंग गरम होतं म्हणून अंघोळ नव्हती, नुसतं टाळूला तेल. अडवायला काही आलंच नाही. तेल खळग्यात थांबलं होतं.

घर मंगळवार पेठेतलं. रुद्रचा बाप संजय, त्यालाही मीच न्हाऊ घातलेलं. तेव्हा परसात चूल असायची, तिच्यावर पाण्याचा हंडा. मी पाटावर पाय लांब करून बसायची आणि संजय माझ्या पायांवर पालथा. त्याची आई, म्हणजे आमच्या वैनी, धोतराचं मऊ फडकं घेऊन उभ्या. पाण्याला शेणीच्या धुराचा वास यायचा. संजयला पाचव्या महिन्यात खालचा दात आला, तो आधी माझ्या बोटाला लागला. वैनींनी चांदीची वाटी त्याच्या दाताला हळूच लावली. टिक् वाजलं. सगळ्या गल्लीत साखर वाटली. पहिला दात सांगणारीला त्या घरात बक्षीस असतं. मला हिरवं लुगडं मिळालं. अजून ट्रंकेत आहे.

आता तिथं गिझर आहे आणि परसात गाडी लागते. पण वैनी त्याच. एरवी लोक मला सव्वा महिन्यासाठी बोलवायचे, वैनींनी संजयसारखं नातवासाठीही वर्षभर ठेवून घेतलं. रुद्र सात महिन्यांचा झाला तरी दात नव्हता. वैनी रोज विचारायच्या, “शेवंता, लागतंय काय गं बोटाला? माझ्या संजयला पाचव्यालाच आलता.”

रोज न्हाय न्हाय म्हणायचं मला जड जायला लागलं. एका सोमवारी हात धुऊन हिरडीवर बोट फिरवलं तर फुगवटा लागला. दात असा लागत नाही. दात तांदळाच्या कणीसारखा टोचतो. फरक मला कळत होता. पण वैनींचं तोंड बघून म्हणाले, “आला वाटतं.”

“वाटतं न्हवं, आलाच!” त्यांनी पाचशे रुपये माझ्या हातात कोंबले. त्यात मी चष्मा केला.

बुधवारी रुद्रला जुलाब सुरू झाले. ताप आला. त्याची आई प्राजक्ता, हुपरीची पोरगी. ती म्हणाली, “डॉक्टरला दाखवूया.”

“दाताचं जुलाब हायत त्ये,” वैनी म्हणाल्या. “शेवंतानं बोट लावून सांगितलंय की. तुझं मोबाईलमधलं शानपण ठेव तिकडं.”

मी तिथंच बसले होते. गप्प राहिले. गुरुवारीही गप्प राहिले. शुक्रवारी तेल साचलं.

मी प्राजक्ताला हळूच विचारलं, “डायपर कवा बदललास?”

“रात्री घातलेला तसाच कोरडा हाय, मावशी.”

रुद्र किरकिरत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मी उठले.

“वैनी, दात आला न्हाय. मी उगंच म्हटलं. पोराला आत्ताच्या आत्ता न्यायचं.”

“काय म्हनलीस?”

“टाळू खाली गेलीया. पोर सुकलंय.”

“मग पाचशे घेताना कळलं न्हाय व्हय तुला?”

“त्ये फेडते! आधी रिक्षा बोलवा!”

त्या घरात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. वैनींनी तशीच पायांत चप्पल घातली.

डॉक्टरीणबाईंनी रुद्रच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश बसली. “अंगातलं पाणी गेलंय. ओआरएस पाजा, चमच्याचमच्यानं. दुपारपर्यंत शू झाली नाही तर सलाईन लावू.”

“पण बाई, दातानं जुलाब हुत्यातच की,” वैनी म्हणाल्या.

“दातानं लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, पोर जरा चिडचिडं होतं. एवढा ताप आणि जुलाब दाताचे नसतात. शिवशिवतंय म्हणून ते दिसेल ते चावतं, आणि त्याची घाण पोटात जाते. काय चावतो हा?”

“गाडीची किल्ली,” प्राजक्ता म्हणाली आणि रडायला लागली.

“आणि दाताची घाई कशाला? कुणाला पाचव्या महिन्यात येतो, कुणाला वर्षाला.”

रुद्रला मांडीवर घेऊन मी चमचा लावत राहिले. उलटी झाली की थोडं थांबायचं, परत लावायचं. वैनी समोरच्या बाकावर. माझ्याकडं बघत नव्हत्या. दीडच्या सुमाराला माझ्या मांडीवर ऊब पसरली. पस्तीस वर्षं पोरांनी माझी लुगडी भिजवली, पण असं बरं कधी वाटलं नव्हतं.

“वैनी, भिजले!”

“मुतलं गं माझं सोनं!” वैनी एवढ्यानं ओरडल्या की कंपाउंडर धावत आला.

पाचशे रुपये मी आठवड्याला शंभर असे द्यायला लागले. वैनी घेऊन डब्यात टाकायच्या. पाचव्या आठवड्यात मी घरात शिरले तर आतून प्राजक्ताची किंकाळी. “आई गं! चावला की ह्यो!” पाजताना लागला होता. मी बोट फिरवलं. कणी. रुद्रच्या मामानं हुपरीहून आणलेली चांदीची वाटी वैनींनी दाताला लावली. टिक् वाजलं. संजयच्या वेळचाच आवाज. क्षणभर मला शेणीच्या धुराचा वास आला.

वैनींनी पाचशेची नोट काढली. “घे. आता खराच आलाय.”

“आधी प्राजक्ताला कळला, वैनी. बक्षीस तिचं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नोट सुनेच्या हातावर ठेवली.

आता माझी बोटं आखडतात, काम सोडलंय. रुद्र बालवाडीत जातो. नव्यानं आई झालेल्या पोरी विचारायला येतात, त्यांना एवढंच सांगते. बहुतेक खालचे दोन आधी येतात. दात आपल्या वेळेनं येतो. ताप-जुलाब झाले तर दाताचं नाव घेत घरी बसू नका, आणि माझ्यासारखीच्या बोटावर विसंबून तर मुळीच बसू नका.

दात आला त्या दिवशी निघताना मी शेवटचे शंभर वैनींच्या हातावर ठेवले. त्यांनी घेतले. पाचशे फिटले, आणि चष्मा माझा झाला.